गोठलेल्या तळ्यावरची झाडं

डिसेंबर लागला की आमच्या बंगळूरला थंडीचं सोंग घ्यायची हौस येते. सकाळी तोंडातून जराशी वाफ निघाली की पुरे. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीचा वॉचमन कानटोपी, मफलर आणि वर एक शाल अशा थाटात फाटकाशी उभा राहतो आणि मला बघून म्हणतो, "तुंब चळी, अम्मा." फार थंडी आहे म्हणे. मीही "हौदु, हौदु" म्हणत मान डोलावते. भाजीच्या गाडीवर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचे ढीग लागलेले असतात आणि त्यांचा तो दाट, तेलकट वास रस्ताभर पसरलेला असतो. आमचं घराणं या गावात इतक्या पिढ्या मुरलं आहे, की घरच्या मराठीत कन्नड कधी आणि किती मिसळलं ते आता कुणाला सांगता येणार नाही. अवरेकाईचा वास आला की हिवाळा आला, एवढंच आम्हाला लहानपणापासून माहीत. अलीकडे मात्र त्या वासामागून मला दुसरा एक वास आठवतो. जळक्या पेट्रोलचा, ओल्या लोकरीचा आणि नुकत्याच तोडलेल्या देवदारासारख्या झाडाचा. एका हिवाळ्याने माझे बाकीचे सगळे हिवाळे फिके करून ठेवले आहेत.

तो हिवाळा मी कॅनडाच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात काढला. माझी एकुलती एक मुलगी गौतमी तिथल्या दवाखान्यात डॉक्टर आहे. गाव म्हणजे एक रस्ता, एक दुकान, एक शाळा आणि पुढे अफाट तळं. त्याला तळं म्हणायचं म्हणून म्हणायचं. तळ्याच्या मध्यावर एक बेट आहे आणि बेटावर थोडी वस्ती. गौतमीला आठवड्यातून एकदा त्या बेटावर रोगी तपासायला जावं लागतं. उन्हाळ्यात होडीने जायचं आणि हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावरून स्नोमोबिलने, म्हणजे बर्फावरच्या स्कूटरने. मधल्या दिवसांत, बर्फ धड धरत नाही आणि धड सोडत नाही तेव्हा, कुणीच कुठे जात नाही. आजारी पडायचं असेल तर त्याआधी किंवा त्यानंतर पडावं, असं ती हसत सांगायची.

मी तिथे काही बर्फ बघायला गेले नव्हते. मी तिला परत आणायला गेले होते. त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात तिचे बाबा गेले होते. तीन खोल्यांच्या घरात मी एकटी उरले. माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, इथल्या एका इस्पितळात कुणाकुणाला भेटून तिच्यासाठी जागा बघितली होती, आणि युगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, थांबायचं इस्पितळवाल्यांनी कबूल केलं होतं. "फोनवर मुली ऐकत नाहीत अक्का," अण्णा म्हणाला. तो मोठा, पण मला अक्काच म्हणतो. आमच्याकडे घरातल्या थोरल्या मुलीला सगळेच अक्का म्हणतात. "तू स्वतः जा. सावकाश विषय काढ. आणि बरोबर घेऊनच ये." मीही विमानात बसल्यापासून मनात मांडे खात होते. तिची खोली पुन्हा रंगवायची, तिच्यासाठी सकाळचा डबा करायचा. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बाजूला काम असलं तरी रात्री घरीच येईल की!

पहिल्याच दिवशी तिने मला कपडे चढवले. पातळ लोकरीचे, त्यावर जाड लोकरीचे, त्यावर तो फुगीर एकसंध पोशाख. मी साडी सोडायला तयार नव्हते. शेवटी नऊवारीसारखा काचा मारून पाचवारीच आत कोंबली आणि उभी राहिले ती भरलेल्या गादीसारखी. गौतमी हसून हसून खाली बसली. "आई, तुला ढकललं ना, तर तू गडगडत बेटापर्यंत जाशील." मग शिरस्त्राण आलं. त्याची काच खाली केली की आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो आणि दुसऱ्याचं काहीच ऐकू येत नाही. बोलल्यावाचून राहण्याची सवय मला नाही. त्या हिवाळ्याने ती लावली.

उभ्या आयुष्यात मी ह्यांच्या स्कूटरवर एका बाजूला बसले. उजवा हात त्यांच्या खांद्यावर, डावा पिशवीवर. इथे एका बाजूला बसायची सोयच नव्हती. लेकीच्या पाठीमागे घोड्यावर बसल्यासारखं बसायचं आणि तिच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट धरायचं. तिची गाडी जुनी होती. चालू केल्यावर तिने जो निळा धूर सोडला, त्याला ह्यांच्या स्कूटरचा वास होता, अगदी तोच. आवळलेल्या पोशाखात डोळे पुसायचीही सोय नव्हती, म्हणून मी काच खाली केली. गाडी निघाली. जिला मी सायकलवर बसवून मागून धरून पळाले होते, तिच्या पाठीला आता मीच चिकटून बसले होते.

गावाभोवतीच्या रानातून या गाड्यांच्या वाटा जातात. वाट म्हणजे नुसता तुडवलेला बर्फ नव्हे. गावातलीच माणसं हौसेने एकत्र येऊन ती राखतात. एक मोठं यंत्र मागे फाळ ओढत जातं आणि बर्फावर बारीक रेघा उठवत वाट सपाट करतं. कुणीतरी ओल्या केसांवरून फणी फिरवल्यासारखी ती दिसते. सकाळी आपण त्या वाटेवरून पहिले असलो तर पाऊल टाकायला जीव होत नाही. रानात, जिथे मैलोन् मैल माणूस नाही, तिथे दोन वाटा मिळतात त्या ठिकाणी थांबण्याची पाटी असते. आणि गौतमी थांबते! दोन्हीकडे बघते आणि मग निघते. मला पहिल्यांदा वाटलं गाडी बिघडली. इथे बंगळूरला आउटर रिंग रोडवर लाल दिव्याला थांबलं तर मागचा माणूस हॉर्न वाजवून आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि तिथे ही पोर झाडांसाठी थांबते. "अगं, कोण येतंय?" मी ओरडले. तिला ऐकू गेलं नाही. बरं झालं.

त्या वाटांवरची एक रीत मला फार आवडली. समोरून गाड्यांची रांग आली की पुढचा माणूस हात वर करून बोटं दाखवतो. माझ्यामागे इतके येताहेत, असा त्याचा अर्थ. मागचा एक बोट कमी करतो, त्याच्यामागचा आणखी एक. सगळ्यात शेवटचा मूठ वळून दाखवतो. माझ्यामागे कुणी नाही, वाट मोकळी आहे. म्हणजे अनोळखी माणसाला आपण काय सांगायचं, तर माझ्यामागे कोण आहे ते सांगायचं, म्हणजे तो जपून जाईल. मी पुष्कळदा विचार करत बसे, की मला विचारलं तर मी काय दाखवू? ह्यांच्यानंतर मी मूठच दाखवायला हवी होती. पण पुढे बसलेल्या पाठीकडे बघून मूठ वळवेना.

शेजारी हेलन राहायची. सत्तरी उलटलेली, एकटी, कमरेत वाकलेली, पण बर्फ उपसायला कुणाला हात लावू देत नसे. तिला माझं इंग्रजी निम्मं कळे आणि मला तिचं तितकंही नाही. तरी दुपारी आम्ही तिच्या खिडकीत चहा घेत बसायचो. कडाक्याची थंडी पडली की तळ्यातून आवाज यायचे. खोल, लांबवर जाणारे, मोठ्या पातेल्यावर कुणी झाकण आपटावं तसे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी कप खाली ठेवून उठलेच. गौतमी त्या वेळी बेटावर होती. बर्फ फुटला, मी म्हटलं. हेलनने मान हलवली आणि मला कळेल अशा बेताने, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, की बर्फ फुटत नाहीये, वाढतोय. जाड होताना तो असा बोलतो. तो गप्प बसला की आम्हाला भीती वाटते. हे ज्ञान मला पटलं, पण गौतमीची गाडी काठावर दिसेपर्यंत मी त्या खिडकीतून हलले नाही.

नवं वर्ष लागून थोडे दिवस झाले आणि हेलनने सांगितलं, की उद्या नाताळचं झाड तळ्यावर न्यायचं आहे, तूही चल. माझा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा या लोकांचं काही मला आतून समजलं होतं! घरात आणून सजवलं, दिवे लावले, गोडधोड केलं, आणि आता दिवस भरले, आता पाण्यात सोडायचं. विसर्जनच की. मी सकाळी अंघोळ करून पोशाखाच्या खिशात हळदकुंकवाची डबी, मूठभर अक्षता आणि गुळाचा खडा घेतला. गौतमी दवाखान्यातून थेट तिकडे येणार होती, त्यामुळे मला अडवायला कुणी नव्हतं.

तळ्यावर निम्मं गाव जमलं होतं. गाड्यांच्या मागे लाकडी घसरगाड्या आणि त्यांवर आडवी टाकलेली घराघरांतली झाडं. काहींच्या फांद्यांना चंदेरी झिरमिळ्या अजून चिकटलेल्या होत्या. दोघे जण मोठ्या गिरमिटाने बर्फात भोकं पाडत होते. भोकं अरुंद होती. एवढ्याशा भोकातून झाड आत कसं जाणार, हा प्रश्न मला पडला, पण म्हटलं, ज्याची त्याची पद्धत. हेलनचं झाड खाली उतरवलं तशी मी पुढे झाले. बुंध्याला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, गुळाचा खडा फांदीत अडकवला आणि हात जोडून म्हटलं, "पुनरागमनाय च." पुरुषांनी टोप्या काढल्या, एवढ्या थंडीत.

तेवढ्यात गौतमी पोचली. तिने आधी बुंध्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आई, काय केलंस हे?" "निरोप दिला," मी म्हटलं. हेलनने विचारलं, तुझी आई झाडाला काय म्हणाली? गौतमीने सांगितलं, की पुन्हा ये म्हणाली. हेलन हसली नाही. ती म्हणाली, "पण ते कुठे जातच नाहीये." आणि गिरमिटवाल्या दोघांनी झाड उभं करून त्या भोकात रोवलं, भोवती पाणी ओतलं. बघता बघता पाण्याचा दगड झाला. मग थोडं पुढे जाऊन दुसरं झाड, मग तिसरं. काठापासून बेटापर्यंत झाडांची ओळ लागली. वारा सुटला की तळ्यावर जमीन आणि आभाळ एक होतं, कुठे चाललोय ते कळत नाही. तेव्हा या झाडांवरून वाट धरायची. नियम एकच. एका झाडापाशी उभं राहून पुढचं दिसलं तरच निघायचं. नाही दिसलं तर तिथेच थांबायचं.

मी ओशाळले होते. पण एक दाढीवाला आपलं झाड घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि त्याने बुंध्याकडे बोट केलं. त्याच्यामागे आणखी कुणीतरी. कुंकवाची डबी संपेपर्यंत मी सोडलं नाही कुणाला.

त्यानंतर संक्रांत आली. आम्ही तिळगूळही करतो आणि एळ्ळु-बेल्लही, म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, दाणे सगळं एकत्र. तो डबा घेऊन मी गौतमीबरोबर बेटावर गेले. तिने रोगी तपासले, मी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातावर एळ्ळु-बेल्ल ठेवलं. एका आजीने ते खिशात ठेवलं आणि गौतमीचा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला मत्सर वाटला. साफ सांगते, मत्सरच वाटला.

परत निघालो तेव्हा ऊन होतं. निम्म्या वाटेवर वारा आला. पावसासारखा आधी वर्दी देऊन नाही, एकदम. बर्फ खालून वर उडायला लागला. गौतमीने वेग कमी केला. एक झाड आलं, पुढचं अंधुक दिसलं, तिथे गेलो. मग आणखी एक. त्याच्यापुढे काही नव्हतं. पांढरं, फक्त पांढरं. तिने गाडी थांबवली, बंद केली, मला उतरवलं आणि झाडाच्या आडोशाला गाडीला टेकवून बसवलं. ते हेलनचं झाड असेल म्हणून मी बुंधा बघितला. नव्हतं. तसे योगायोग गोष्टींतच घडतात.

आम्ही काचा वर केल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी एका ठिकाणी, काहीही करायला नसलेल्या, अशा बसलो होतो. विषय काढायचा तर हीच वेळ. मी म्हटलं, "अण्णाने युगादीपर्यंत जागा धरून ठेवली आहे."

"माहीत आहे."

"काय सांगू त्याला?"

ती पुढच्या पांढऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तू ये म्हणालीस तर मी येईन. विचारसुद्धा करणार नाही. बाबा नाहीत, तू एकटी आहेस. तू ये म्हटल्यावर माझ्याच्याने नाही म्हणवणार नाही."

मला केवढा आनंद झाला! मी तोंड उघडलं.

"म्हणून सांगते," ती म्हणाली, "तू म्हणू नकोस."

मी तोंड मिटलं. एवढं मोठं तळं, पण त्या क्षणी मला बसायला जागा पुरेना. रागाने अंग तापलं. इतकी शिकवली, मोठी केली, आणि आता माझा एक शब्द माझ्याच तोंडात कोंडून ठेवायला सांगते? ती रडत होती. पापण्यांवर पाणी गोठत होतं आणि ती ते हातमोज्याने खरवडत होती. लहानपणी पडली की अशीच, आवाज न करता रडायची. मी हातमोजा काढला आणि माझ्या उघड्या हाताने तिचे डोळे पुसले. हात लगेच बधिर झाला. "घाल आधी तो हातमोजा," ती ओरडली, डॉक्टरिणीच्या आवाजात. मी घातला.

मग आम्ही पुढच्या झाडाची वाट बघत राहिलो. खालून एकदा तो खोल आवाज आला. मला भीती वाटली नाही. वारा हळूहळू खाली बसला आणि पांढऱ्यात एक करडा ठिपका उमटला.

"दिसलं का गं पुढचं?" मी विचारलं.

"दिसलं."

"मग चल की. बसलीस काय?"

तिने माझ्याकडे बघितलं. समजली ती.

युगादीच्या आधी मी परत आले. विमानतळावर अण्णा आला होता. माझ्या एकटीकडे बघून म्हणाला, "नीट विचारलंस ना?" मी म्हटलं, "विचारलंच नाही." पुढे के. आर. पुरम येईपर्यंत तो रस्त्यावरच्या गाड्यांना नावं ठेवत राहिला. मग म्हणाला, "सरी." ठीक आहे म्हणे. त्या एका शब्दात त्याची सगळी नापसंती होती आणि तिथेच त्याने विषय सोडलाही. इस्पितळाने ती जागा दुसऱ्या कुणाला दिली.

त्याला आता बरेच हिवाळे झाले. गौतमी दर रविवारी फोन करते, सुट्टीत पंधरा दिवस येऊनही जाते. पण "ये" हा शब्द किती ठिकाणी वाटेत येतो, ते तो टाळायला लागल्यावर कळतं. आपल्याकडे फोन ठेवताना, दारातून निघताना, सणावारी, आजारपणात, ज्याला त्याला आपण ये म्हणतो. भाजीवाल्याला म्हणतो. मी तिला म्हणते, टोपी घाल, जेवण वेळेवर कर, हेलनला माझा नमस्कार सांग. मागच्या वर्षी मला तापाने धरलं होतं, तेव्हा तर शब्द जिभेवर येऊन बसला होता. मी तिला अवरेकाईच्या उसळीची कृती सांगितली. लिफ्टमध्ये शेजारणी विचारतात, मुलगी कायमची कधी येणार? मी म्हणते, बघू. लोकांना वाटतं तिने मला सोडलं. काहींना वाटतं मीच कडक आहे. वाटू दे. प्रत्येकाला हा तिढा कोण समजावत बसणार?

घर मोठं वाटतं, हे खरंच आहे. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला जास्त वाटतं. त्या वेळी मी खाली उतरते, बागेला दोन चकरा मारते, वॉचमनशी थंडीबद्दल दोन शब्द बोलते. पुष्कळ दिवस बरे जातात.

परवाच्या रविवारी तिचा फोन आला. तळं गोठलं म्हणाली. गिरमिटाने बघून आले, यंदा बर्फ लवकर धरला. हेलनला आता तळ्यावर जाता येत नाही, पण खिडकीतून सगळ्यांना सूचना देते. बेटावरची ती आजी गेली.

"आई," ती म्हणाली, "ये ना गं."

मला आधी रागच आला. इतके हिवाळे मी जो शब्द गिळत आले, तो ही एका दमात बोलून मोकळी झाली! तिला कुणी मनाई केली नव्हती. मी कधी तिच्यासारखं, म्हणू नकोस, असं बजावलं नव्हतं. माझे गुडघे, घराला कुलूप, अण्णाचं पथ्यपाणी, यातलं काहीएक मनात आलं नाही. राग मनात होता तेवढ्यात माझ्या तोंडून "येते" निघूनही गेलं होतं.

फोन ठेवला आणि मी खुर्चीत बसून राहिले. तेव्हा मला कळलं, की मी बोलावलं असतं तर तीही अशीच आली असती, इतकीच झटकन, एका शब्दावर. बरं झालं बोलावलं नाही. मी मनाला तसं सांगते आणि मन बहुतेक वेळा ऐकतं.